खानदेशातील गाळे आणि परमुलुखाची माणसे

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंब प्रवासास निघाले, म्हणजे देवळे पाहते, लेणी पाहते, किल्ले पाहते. बाजारात जाते ते केवळ खरेदीपुरते. जळगाव तर बहुतेकांस अजिंठ्याच्या वाटेवरील स्थानक म्हणूनच ठाऊक असते. आम्हांस मात्र या खेपेस जळगाव व धुळे ही दोन्ही शहरे त्यांच्या दुकानांसाठीच पाहावयाची होती. ती पाहिल्यावर आमचे असे मत झाले, की एखादे गाव परक्या माणसास कसे वागवते हे जाणावयाचे असल्यास तेथील लहानात लहान गाळा पाहावा.

धुळ्याची हकीकत जुनी, म्हणून ती प्रथम सांगतो. 1803 च्या भीषण दुष्काळात हे गाव ओस पडले होते. पुढे 1818 साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला व कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. 1819 मध्ये येथे घरे होती अवघी 401 आणि माणसे 2,509. कचेऱ्या बांधण्यास कारागीर दूरदूरच्या मुलखांतून आणावे लागले. तेव्हा ब्रिग्जने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि बांधकामासाठी आगाऊ रकमाही दिल्या. त्या जुन्या रहिवाशांस तशाच बाहेरून आलेल्यांसही. यात धर्मादायाचा भाग थोडा, हिशेबाचा अधिक होता; व्यापारी आल्यावाचून ठाण्यास कळा येत नाही, हे तो जाणून होता. 1872 पर्यंत वस्ती बारा हजारांच्या पुढे गेली. आज आग्रा रोडवरील गर्दीतून वाट काढताना अथवा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना या आरंभाची आठवण कोणास होत असेल असे वाटत नाही.

धुळ्याहून पारोळा-एरंडोलच्या रस्त्याने जळगावास यावे, म्हणजे हीच कथा नव्या रूपाने भेटते. 1947 च्या फाळणीत सिंधमधील हिंदूंची घरे, दुकाने, जमिनी सारे मागे राहिले. कित्येक कुटुंबे कल्याणजवळच्या छावणीत राहिली, जिचे 1949 साली उल्हासनगर झाले. कित्येक खानदेशात आली. जळगावात सिंधी कॉलनी वसली, धुळ्यात कुमारनगर. या मंडळींजवळ भांडवल नव्हते, येथली भाषा येत नव्हती, आणि जामीन राहण्यास कोणी आप्त नव्हता. खांद्यावर कापडाचे गाठोडे किंवा रस्त्याच्या कडेला एक फळी, एवढ्यावरच पुष्कळांनी आरंभ केला. फेरीवाल्याचा दुकानदार होण्यास मध्ये एक पायरी लागते, आणि ती पायरी म्हणजे गाळा.

जळगावच्या महात्मा फुले मार्केटात ही पायरी प्रत्यक्ष दिसते. शोभेच्या दृष्टीने येथे पाहण्यासारखे काही नाही. एकास एक लागून गाळे, वर पाट्यांची दाटी, बोळांतून लोंबकळणारे तयार कपडे, आणि उरलेल्या जागेत पुन्हा फेरीवाले! परंतु लग्नसराईत खेड्यापाड्यांतून एस.टी.ने आलेली कुटुंबे येथे बस्ता बांधावयास बसतात, तेव्हा या दाटीचे मर्म कळते. दहा दुकाने शेजारी शेजारी असल्यामुळे गिऱ्हाईक आपोआप येते. जाहिरातीचा खर्च लागत नाही. एकाजवळ हवा तो रंग नसला तर नोकर शेजारून घेऊन येतो. भाडे बेताचे, राबणारी माणसे घरचीच. त्यामुळे एखादा हंगाम बुडाला तरी माणूस बुडत नाही. एका दुकानी मालक भावाशी सिंधीत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि एका म्हातारीशी चक्क अहिराणीत बोलताना आम्ही ऐकला. शाळेत न शिकविता ही भाषा त्यास गल्ल्याने शिकविली! जवळच्याच गोलाणी मार्केटात मोबाईल व संगणक यांची दुकाने आहेत; धंदा नवा, रीत तीच.

हे केवळ आपल्याच देशी घडते असे नाही. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात एडिसन व इसेलिन या गावांतून जाणारा ओक ट्री रोड आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे ओळखतात. तेथेही पुढे मोटारी उभ्या करण्यास जागा व मागे बसक्या दुकानांची रांग, अशा साध्या इमारतींत भारतीयांनी वाणसामानाची, साड्यांची व मिठाईची दुकाने थाटली. मुलाकडे गेलेली आई तेथे पोहे व तूरडाळ मिळाली म्हणून हरखते. त्या दुकानदारास दिवाणखान्यासारखे सजविलेले दुकान परवडते, तर आईस ते पोहे मिळते ना.

आता दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. जळगावात नगरपालिकेच्या, म्हणजे आताच्या महापालिकेच्या, अनेक संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 साली संपली आणि भाडे व नूतनीकरण यांवरून मोठा वाद उभा राहिला. तो पुढे वर्षानुवर्षे चालला. महापालिकेची मिळकत सर्व करदात्यांची आहे. ती मूठभरांनी जुन्या दराने पिढ्यान् पिढ्या भोगावी, हे न्यायाचे नव्हे. पूर्वी स्वतः परका असलेला गाळेधारक आज नव्या परक्याकडून पागडी मागू लागला, तर पायरीची भिंत झाली असेच म्हणावे लागेल. परंतु केवळ चढ्या बोलीने गाळे दिले, तर ते श्रीमंत पेढीवाल्याच्या हाती जातील, आणि आज गाठोडे घेऊन फिरणारा रस्त्यावरच राहील. भाडे वाजवी असावे व वेळेवर वसूल व्हावे, गाळा चालविणाऱ्याच्याच नावे असावा, आणि काही लहान गाळे नवागतांसाठी राखलेले असावेत, असा मध्यम मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

आपली घरे बहुधा नोकरीवर व निवृत्तिवेतनावर चालतात. दुकानदारीकडे पाहण्याची आपली दृष्टी किंचित वरून खाली जाणारी असते. खानदेशात जाणाऱ्या वाचकांनी अजिंठा अवश्य पाहावा. परंतु परतताना एक दुपार फुले मार्केटासही द्यावी, आणि घासाघीस करताना इतके ध्यानात ठेवावे, की समोरच्या त्या हातभर फळीवर एखादे उखडलेले घर पुन्हा रुजलेले असते.