जोर नको, जागा धरा



चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो; आता गुडघे बोलतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी ‘टेन्स’ नावाचे छोटे यंत्र दिले. त्याच्या चिकट पट्ट्या कातडीवर लावायच्या. सौम्य वीज स्पर्शाच्या नसा जाग्या करते आणि दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेतच अडतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मज्जारज्जूतल्या अशा ‘दारा’चा सिद्धांत मांडला.

घरी मी तेल चोळलेल्या मांडीवरच घाईने पट्ट्या चिकटवल्या. मुंग्या भलतीकडे, गुडघा तसाच. वीज वाढवली, तर चटका बसला. ताई म्हणाल्या, “महाराज, जोर नको, जागा धरा.” मग कातडी धुऊन कोरडी केली. यंत्र बंद ठेवून दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींना न टेकणाऱ्या पट्ट्या लावल्या. हळूहळू वाढवले, मुंग्या ठळक आल्या, बोचल्या नाहीत. मृदंगावर तरी वेगळे काय? हात जागेवरून सरला, की कितीही जोराने थाप मारा, बोल उमटत नाही.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूस, छातीवर, जखमेवर किंवा बधिर कातडीवर पट्टी नको.

आणखी एक. बरे वाटले म्हणून वारीत मी एक टप्पा जास्त चाललो. रात्री गुडघा सुजला. यंत्राने झीज भरत नाही. माउली, दार लावले म्हणजे दारी आलेला परत गेला, असे नव्हे.