एका तासाचा घोळ

'किती वाजले?' हा प्रश्न सोपा आहे असं मला पूर्वी वाटायचं. २००७ पासून वाटत नाही.

तेव्हा मी न्यू जर्सीत होतो. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात. आधी हे एप्रिलच्या पहिल्या रविवारी व्हायचं. २००५ च्या कायद्याने ते २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणलं. म्हणजे त्या वर्षी ११ मार्चला, तीन आठवडे आधीच. माणसांना कळलं, पण यंत्रांना कोण सांगणार? त्यासाठी पॅच आले. शनिवारी मी ते कॉम्प्युटरवर आणि पीडीएवर इमानेइतबारे टाकले, सिंक केलं आणि मोकळा झालो.

सोमवारी पुण्यात बाबांचं ऑपरेशन होतं. साडेसातला आत नेणार, म्हणून सातला फोन करायचा. पुण्यातले सकाळचे सात म्हणजे आमचे रविवारी रात्रीचे साडेनऊ. आठवडाभर आधीच पीडीएत नोंद करून अलार्म लावून ठेवला होता. त्याच्या भरवशावर सोफ्यावर जरा आडवा झालो.

अलार्म वाजला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा! फोन आईने घेतला.

"नेलं रे त्यांना. वाट बघत होते तुझी. मी म्हटलं आपण लावू फोन, तर म्हणाले, दमून झोपला असेल."

ऑपरेशन नीट झालं. पण ते कळेपर्यंत झोप कुठली? भानगड शोधत बसलो. कॅलेंडर वेळ साठवतं ती ग्रीनिचची. मी साडेनऊ लिहिले तेव्हा जुन्या नियमाने पाच तास मिळवून त्याने अडीच साठवले. पॅचनंतर नव्या नियमाने चारच तास वजा झाले. झाले साडेदहा! त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या जुन्या नोंदी अशाच सरकल्या होत्या. मावशीचा वाढदिवस तर रात्री एक ते दुसऱ्या रात्री एक, असा दोन दिवसांवर पसरला होता. जुन्या नोंदी जागेवर आणायचं टूल वेगळं होतं. मी ते चालवलंच नव्हतं. चूक माझीच.

यंत्राच्या लेखी ती एक नोंद होती, आणि त्याने दिलेला हिशोब चोख केला. मला साडेनऊ म्हणजे पुण्यातले सात हवे होते, हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून महत्त्वाच्या नोंदीच्या नावातच मी गाव आणि वेळ लिहितो: 'बाबांना फोन, पुणे सकाळी ७'. नियम बदलोत, फोन बदलो, नावातली अक्षरं सरकत नाहीत. तुम्हीही करून बघा. असो.