दाखल्यापायी गेलेले तीन आठवडे

माझी पिठाची गिरणी आहे. गाव लातूर तालुक्यातलं, मांजरेच्या काठचं. ऊस भरपूर, त्यामुळं दिवाळी झाली की तोडीच्या टोळ्या येतात. 2022 च्या दिवाळीनंतर आलेली टोळी नांदेड जिल्ह्यातली होती, मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरची. बारा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. रस्त्याकडेच्या पडीक रानात त्यांनी कोप्या टाकल्या.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला एक पोरगी गिरणीत आली. डोक्यावर ज्वारीचा डबा, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. दहा वर्षांची असेल. "शाळा नाही का ग?" विचारलं. गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. "तोंडात मूग धरलेस का?" असं मी बोलून गेले. त्या लेकरांच्या घरात गोरमाटी बोलतात. शाळेतली मराठी तिला येत होती, पण अनोळखी बाई खेकसल्यावर शब्द कुठून सुचणार?

दळण होईस्तोवर तिनं हळूच सांगितलं. चौथीत होती. आई-बाप पहाटे चारला फडात जातात. लहान्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, बाट्या करून ठेवायच्या.

मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, हे सांगायला आज थोडी लाज वाटते. समितीत पंचाहत्तर टक्के पालक लागतात, निम्म्या बाया लागतात, म्हणून माझं नाव घातलेलं. दोन वर्षं मी न वाचता सह्या केल्या. तरी त्या दिवशी वाटलं, विचारून तर बघू.

शाळेत उत्तर मिळालं, दाखला आणा. दाखला तांड्याकडच्या शाळेत. आधार कार्ड आजीच्या पेटीत. सरल या सरकारी ऑनलाइन नोंदीत नाव त्या शाळेच्या पटावर. पोरीचा बाप दोनदा शाळेत येऊन गेला. दोन्ही वेळा मुकादमानं खाडा मांडला. उचल घेतलेली असते, एकेक खाडा तिच्यात वळता होतो. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. मला म्हणाला, "ताई, जाऊ द्या. पट्टा पडला, हंगाम संपला की गावाकडं जाईल शाळेत." मीही जाऊ दिलं. तीन आठवडे असेच गेले.

डिसेंबरात समितीची बैठक होती. आमच्या शाळेवर नव्यानं आलेल्या एका मॅडमनी पर्समधून कागद काढला. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, कलम 5. मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या शाळेत जायचा हक्क लेकराला आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. उलट दाखला द्यायला जो मुख्याध्यापक उशीर करतो, त्याच्यावर कारवाई होऊ शकते. कलम 14 सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवायचं नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला हे लागू आहे. टोळीतलं असो की गावातलं. हा कायदा 2010 पासून लागू आहे. आम्हाला तो 2022 मध्ये कळला.

बैठकीत एकजण म्हणाले, "आज पाच येतील, उद्या पन्नास. आपल्या लेकरांच्या खिचडीचं काय?" मॅडम म्हणाल्या, धान्याचा हिशोब हजेरीवर असतो, लेकरं वाढली तर मागणी वाढवायची. विचारणाऱ्याचं पूर्ण समाधान झालं नाही. पण टोळीतल्या लेकरांना दाखल्याविना प्रवेश द्यायचा ठराव झाला. या वेळी मी वाचून सही केली.

मग पोरीच्या बापाकडून तांड्याकडच्या गुरुजींचा नंबर घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एका फोनमध्ये निम्मं काम झालं. स्थलांतर करणाऱ्या लेकराला मूळ शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. नाव, इयत्ता, काय वाचता येतं, गणित कुठवर आलंय, सगळं त्यावर असतं. गुरुजी म्हणाले, टोळी रात्रीतून निघाली, द्यायचं राहिलं. त्यांनी भरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आमच्या शाळेनं सरलवर विनंती टाकली, त्यांनी मान्य केली. तिकडच्या हजेरीत पोरीचं नाव चालूच होतं, हेही तेव्हा कळलं. पट घटला की शिक्षकाची जागा जाते, म्हणून असं होतं. मी कुणाला बोलले नाही.

टोळीतली पाच लेकरं शाळेत आली. दुसऱ्या आठवड्यात तीन गळाली. त्यातली एक ही दळणाला आलेली पोरगी. लहान्याला कुणाकडं ठेवायचं? कायद्यानं दार उघडलं, पण कडेवरचं लेकरू दारातच अडलं. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची बसतात, हा दीड वर्षाचा. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आणू द्या, माझ्यापाशी बसंल." मग तो रोज चुलीपासून लांब, जुन्या लुगड्याच्या घडीवर झोपायचा. जागा झाला की रांगत वर्गात. मॅडम त्याला फळ्याखाली बसवून शिकवायच्या. तपासणीला कुणी आलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

दुसरी अडचण वेळेची. आई-बाप चारला गेल्यावर लेकरं थंडीत कोपीत पडून राहायची आणि दहापर्यंत कुठंतरी भटकायची. मग शाळेची एक चावी मी गिरणीत ठेवली. आठला दार उघडून द्यायचे. एवढ्यानंही हजेरी टिकली.

मार्चात एका सकाळी कोप्या रिकाम्या दिसल्या. पट्टा पडला होता, टोळी रात्रीच निघाली होती. आता जाताना हमी पत्रक द्यायचं ते आम्हीच विसरलो. तांड्याकडच्या गुरुजींना मी डिसेंबरात मनातल्या मनात जे बोलले होते, ते आठवलं. पत्रक मागाहून फोनवर पाठवलं.

पुढच्या वर्षी सुधारणा केली. टोळी आल्या आठवड्यात मी आणि मॅडम कोप्यांवर गेलो. सायंकाळी सातनंतर, कारण त्याआधी माणसं भेटत नाहीत. वहीत लेकराचं नाव, शाळा, गुरुजींचा नंबर. पत्रकं फेब्रुवारीतच भरून ठेवली.

ती पोरगी त्या वर्षी आली नाही. तिच्या गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह मिळालं. म्हणजे आजीपाशी राहायचं आणि जेवण शाळेतून. खरं तर हे सगळ्यांत बरं, तोडीला जायच्या आधी पालकांनी गावच्या समितीला हेच विचारावं. तिचे आई-बाप मात्र आले होते. लहान्या कडेवर नव्हता, चालत होता. आईनं सांगितलं, तेरा वर्षांचा पुतण्या औंदा अर्धा कोयता म्हणून आलाय. त्याचं नाव आम्ही वहीत लिहिलं. तो एक दिवसही शाळेत आला नाही.

तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर दाखल्याची वाट बघू नका. गुरुजींचा नंबर मागा.