सांगण्याची रीत

नुसत्या माहितीने माणूस बदलत असता, तर पाकिटावरचे कर्करोगाचे चित्र पाहून एकानेही सिगारेट पेटवली नसती. माहिती काय आहे याइतकेच ती कोण सांगतो आणि कशी सांगतो यालाही मोल असते. हे मला कोणत्या पुस्तकाने नव्हे, माझ्या मामांनी शिकवले.

मामा ट्रक चालवतात. २०१६ साली त्यांच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ‘नाव तेवढं घालू नकोस,’ एवढीच त्यांची अट. सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून या रोगावरची औषधे २००४ पासून मोफत मिळतात. तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हता. पहिल्याच दिवशी मामांना बजावण्यात आले : रोज रात्री झोपताना एक गोळी, जन्मभर, चुकवली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. यात एक अक्षरही खोटे नव्हते. मामांनी मान डोलावली, आणि महिन्यातून दहा-बारा रात्री गोळी चुकवली.

कारण साधे होते. त्या गोळीत एफाविरेंझ हे औषध असे. त्याने, विशेषतः सुरुवातीला, चक्कर येते, विचित्र स्वप्ने पडतात; म्हणून ती झोपताना घ्यायची. पण मामांची रात्र झोपण्याची नव्हे, गाडी हाकण्याची! विषाणू मारील तो काही वर्षांनी, घाट मात्र आजच मारील, असा त्यांचा हिशेब. तो अडाणीपणाचा होता असे कोण म्हणेल? पण तो त्यांनी कोणाला सांगितला नाही, कारण कोणी विचारलेच नाही. केंद्रावर गोळ्या मोजल्या जात. जास्त उरल्या की बोलणी बसत. मग मामा तिथे जाण्यापूर्वी उरलेल्या गोळ्या फेकून देऊ लागले. रागावण्याने त्यांचे वागणे बदलले ते असे!

पुढे केंद्रावर नव्या समुपदेशक ताई आल्या. त्यांनी उपदेश न करता विचारले, ‘दादा, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा बघू.’ वीस मिनिटे मामाच बोलत होते. मग ताईंनी डॉक्टरांशी बोलून मार्ग काढला : गाडी लावून सकाळी आडवे होता ना, तीच तुमची गोळीची वेळ. त्यानंतर गोळी चुकल्याचे मामींना आठवत नाही. माहिती तीच होती. फक्त ती आता मामांच्या दिवसात बसली. आता एफाविरेंझची जागा बहुतेक ठिकाणी डोल्युटेग्राविरने घेतली आहे, आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. पण ताईंचा प्रश्न जुना झालेला नाही.

त्याच ताईंनी मामा-मामींना समोर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. नियमित औषधाने विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. मरणाच्या धाकाने जे झाले नव्हते, ते या एका आशेने झाले. मामा आता तपासणीची तारीख स्वतःहून लक्षात ठेवतात.

सांगलीत हे शहाणपण फार पूर्वी ओळखले गेले होते. १९९२ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेने निरोध वाटण्याचे आणि समजावण्याचे काम वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्याच हाती दिले. १९९६ साली ‘व्हॅम्प’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला कसे वळवावे, हे बाहेरच्या व्याख्यात्याला काय ठाऊक? ते शेजारच्या खोलीतल्या बाईलाच ठाऊक असते, आणि तिचेच ऐकले जाते.

दरवर्षी १ डिसेंबरला आपण फलक घेऊन फेरी काढतो, घोषणा देतो. जरूर द्याव्यात. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या ट्रकवाल्याजवळ घटकाभर थांबून, ‘काका, तुमची रात्र कशी जाते?’ एवढे विचारले आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐकले, तर ती फेरी अधिक लांब पोचेल असे मला वाटते.