बोट, दलाल आणि अमानत

कुपवाडला समुद्र नाही. नदीही नाही, कृष्णा पाहायची तर सांगलीला जावं लागतं. तरीसुद्धा बोटीचं तिकीट हा आमच्या मोहल्ल्यात जुना विषय आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतले जे मोजके लोक हजला गेले ते बोटीने गेले, आणि त्यांच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. अलीकडे हा विषय पुन्हा निघाला तो वेगळ्याच कारणाने. एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याने बायकोला घेऊन मुंबई-गोवा क्रूझला जायचं ठरवलं. बुकिंग कंपनीकडे थेट करावं की मिरजेच्या ट्रॅव्हल एजंटाकडून, यावर घरात दोन तट पडले. भाचा म्हणाला, "मामू, एजंट मध्ये कशाला? मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे." त्याचे अब्बा म्हणाले, "कुछ गडबड हुई तो किसके दरवाजे पे जाएगा रे?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. क्रूझच्या धंद्यात एजंटाचं कमिशन बहुतेक वेळा कंपनी देते. त्यामुळे खोलीचा भाव दोन्हीकडे जवळपास सारखाच पडतो. एजंटाने खोल्यांचा गट आधीच उचलून ठेवला असेल तर त्याच्याकडे कधी कधी स्वस्तही मिळतं. थेट बुकिंग केलं तर तारीख बदलणं, खोली बदलणं, पैसे परत मागणं हे सगळं आपण कंपनीशी बोलून करू शकतो. एजंटाकडून केलं तर कंपनी सहसा आपल्याशी बोलत नाही, 'तुमच्या एजंटाला सांगा' म्हणते. मग एजंट चांगला असेल तर तो आपल्या वतीने भांडतो. वाईट असेल तर फोन उचलत नाही. जाहिरातीतल्या भावात बंदराचे आकार, कर, पेयं धरलेली आहेत का, हे मात्र दोन्हीकडे विचारावंच लागतं. हौसेच्या प्रवासात एवढं पुरतं. काही बिघडलं तर एक सुटी वाया जाईल, चार पैसे जातील, पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल.

पण आमच्या समाजातल्या बहुसंख्य लोकांच्या आयुष्यात लांबचा प्रवास एकच असतो, आणि तो हौसेचा नसतो. फौंड्रीत घाम गाळून, मशीनवर कपडे शिवून, एखादा गुंठा विकून माणूस हजचे पैसे जमवतो. त्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही. तिथे 'एजंट की थेट' हा प्रश्न विचारला की त्याचं वजन बदलतं.

हा प्रश्न आजचा नाही. १८८० साली 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूर-पेनांगहून साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन निघाली. वादळात बोटीत पाणी शिरलं तेव्हा कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी प्रवाशांना तसंच सोडून होडीतून निघून गेले. एडनला पोहोचल्यावर त्यांनी बोट बुडाल्याचं सांगितलं. थोड्याच वेळात दुसऱ्या एका जहाजाने तीच बोट ओढत एडनच्या बंदरात आणली. हाजींनी पाणी उपसून ती तरंगती ठेवली होती. जोसेफ कॉनराडने पुढे 'लॉर्ड जिम' ही कादंबरी लिहिली तिच्यामागे हीच घटना आहे. जगाने त्या कादंबरीत पळून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनाची तगमग वाचली. पाणी उपसणाऱ्यांची तिकिटं कुणी विकली होती, त्यांना जबाबदार कोण होतं, हे आम्हाला विचारावंसं वाटतं.

त्या काळात मुंबई बंदरावर दलालांचा सुळसुळाट होता. गावाकडून आलेल्या हाजीला ते स्टेशनवरच गाठत, मुसाफिरखान्यात उतरवत, बोटीचं तिकीट काढून देत आणि प्रत्येक टप्प्यावर आपला हिस्सा कापून घेत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८३ साली मुंबई सरकारने या दलालांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. तेवढ्याने भागेना तेव्हा १८८६ साली ब्रिटिश सरकारने हजचं काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे दिलं. घरच्या रेल्वे स्टेशनपासून जेद्दापर्यंतचं तिकीट एकाच ठिकाणी मिळावं, मधले दलाल आपोआप गळून पडावेत, असा विचार होता. म्हणजे दलालांवरचा उपाय म्हणून मोठा दलाल! पण आमचे बहुतेक लोक जुन्याच दलालाकडे जात राहिले, आणि १८९० च्या दशकात तो प्रयोग गुंडाळला गेला. कारण समजण्यासारखं आहे. दलाल लुबाडत होता हे खरं, पण तो आमच्या बोलीत बोलत होता, नमाजची वेळ जाणत होता, आजारी म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन जिना चढत होता. कुकच्या खिडकीत भाव लिहिलेला होता, खांदा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५९ साली हज कमिटीचा कायदा झाला. मोगल लाइन ही जहाज कंपनी सरकारच्या ताब्यात आली. 'अकबरी', 'नूरजहाँ', 'मोहम्मदी', 'अकबर' या तिच्या बोटींची नावं आमच्या बुजुर्गांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असत. मुंबई-गोवा मार्गावरच्या 'कोकणशक्ती' आणि 'कोकणसेवक' याही याच कंपनीच्या. म्हणजे भाच्याची क्रूझ ज्या वाटेने जाते ती वाट काही नवी नाही. मिरजेहून रेल्वेने मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग बोट. आठ-दहा दिवसांचा समुद्र. बोट यलमलमच्या समोर आली की भोंगा वाजे, सगळे एहराम बांधत आणि डेकवर एकच 'लब्बैक' उठे. सोबत तांदूळ, लोणचं, सुकी चटणी आणि कफन. १९९५ साली बोटीची हज बंद झाली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याची बोलणी झाली, पण आमचे हाजी विमानानेच जात राहिले.

आता हजला जायच्या वाटा दोन. पहिली हज कमिटीची. अर्ज भरायचा, कुर्‍यात नंबर लागण्याची वाट पाहायची, हप्त्याहप्त्याने पैसे भरायचे. मुंबईहून साधारण तीन-साडेतीन लाखांच्या घरात काम होतं. मुक्काम बहुधा अजीजियात, हरमपासून दूर. बसने जा-ये करायची. दुसरी वाट खासगी टूरची. तिथे खर्च दुपटीच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. पण हॉटेल हरमजवळ, जेवण हातात, सोबत मौलाना, आणि कुर्‍याची धाकधूक नाही. पैसेवाले टूरने जातात, गरीब कमिटीने, असा सरळ हिशेब पूर्वी होता. आता तो तसा राहिलेला नाही. कुर्‍यात दोन-दोन, तीन-तीन वर्षं नंबर लागला नाही की मधल्या परिस्थितीतला माणूसही कर्ज काढून टूरकडे वळतो. 'उमर का क्या भरोसा' हे वाक्य त्याच्याकडून हवी तेवढी रक्कम काढून घेतं.

आमच्या खालाचं तसंच झालं. नवरा गेल्यावर तिने तीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. कमिटीच्या कुर्‍यात दोनदा नाव आलं नाही. २०२५ च्या हजसाठी तिने धाकट्या मुलासोबत एका खासगी टूरकडे नाव घातलं. दागिने मोडले, भिशी उचलली. त्या वर्षी भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातल्या १,२२,५१८ हाजींची व्यवस्था कमिटीमार्फत झाली. उरलेल्या ५२,५०७ जागा खासगी टूरवाल्यांच्या होत्या. सौदी अरबस्तानने ठरवलेल्या मुदतीत मिनाच्या छावण्या, निवास, वाहतूक यांचे करार पूर्ण झाले नाहीत. एप्रिलमध्ये बातमी आली की त्या जागा गेल्या. विनवण्या झाल्यावर सुमारे दहा हजार जागांसाठी दार पुन्हा उघडलं, बाकीचे राहिले. खाला राहिलेल्यांत होती.

टूरवाला सांगे की पैसे वरच्या कंपनीकडे अडकलेत. वरची कंपनी सांगे की पैसे सौदीत आहेत. खालाच्या हातात एका कच्च्या कागदावरची सही होती, तीही टूरवाल्याच्या माणसाची. पैसे अखेर तीन तुकड्यांत परत आले, काही रक्कम कापून. आम्ही मुलं-भाचे चिडलो, तिला पोलीस ठाण्यात चल म्हणालो. ती म्हणाली, "पैसा आ गया, बेटा. पर मैंने सबको सलाम करके रुखसत ली थी. वो कौन वापस देगा?" यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही.

यावरून कुणी म्हणेल, बघा, दलाल काढून टाका, सगळं थेट करा. तो प्रयोगही झालेला आहे. २०२२ साली सौदी सरकारने युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हाजींसाठी एजंट एका झटक्यात बाजूला केले. सगळ्यांनी 'मोतव्विफ' या पोर्टलवर थेट नाव घालायचं, तिथेच सोडत, तिथेच पैसे. वर्षानुवर्षं हाजी नेणाऱ्या कंपन्या रिकाम्या बसल्या. पण पोर्टलवर पैसे भरलेल्या कित्येकांना विमानाचं तिकीट मिळेना, कुणाचं हॉटेल भलतंच निघालं, कुणी विमानतळावरून परत फिरलं. तक्रार करायची तर फोन लागत नव्हता. शिकलेली, इंग्रजी जाणणारी, लंडन-न्यूयॉर्कची माणसं ती. आमच्या खालासारखीच दारं ठोठावत राहिली. फरक इतकाच की त्यांना ठोठवायला दारसुद्धा नव्हतं, पडदा होता.

म्हणून आम्हाला वाटतं की 'एजंट की थेट' या प्रश्नात खरा प्रश्न झाकला जातो. पैसे घेणाऱ्याने ते काय समजून घेतले, हा खरा प्रश्न आहे. आपल्या फिकहमध्ये दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याला वकील म्हणतात, आणि वकील हा अमीन असतो. त्याच्या हाती आलेली वस्तू अमानत असते. त्याने मेहनताना घ्यावा, त्यात गैर काही नाही. पण घेतलेल्या पैशाची पावती, ठरलेल्या गोष्टींचा लेखी करार आणि बिघडलं तर समोर उभं राहण्याची तयारी ही त्या मेहनतान्याचीच किंमत आहे. हजला नेतो म्हणून त्याच्या हाताचं चुंबन घेणारे आम्ही, त्याच्याकडे पावती मागायला लाजतो. 'अल्लाच्या घरी नेणाऱ्याकडे काय कागद मागायचा?' या लाजेवर किती जणांचे बंगले उभे राहिले असतील!

आता आमच्या मोहल्ल्यात थोडा बदल झाला आहे. एक निवृत्त शिक्षक आणि दोन कॉलेजच्या मुली अर्जाच्या दिवसांत संध्याकाळी बसतात. हज कमिटीचा अर्ज मोबाइलवर भरून देतात, पासपोर्टची मुदत पाहतात, हप्त्याच्या तारखा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतात. चहाशिवाय काही घेत नाहीत. त्यांना दलाल म्हणता येणार नाही, आणि त्यांच्याशिवाय आमच्या अर्ध्या लोकांचं 'थेट' होणारही नाही. कुणी टूरनेच जाणार असेल तर त्याला त्या मुली चार गोष्टी विचारायला लावतात: यंदाच्या सरकारी मंजूर यादीत नाव आहे का, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, मुक्काम कुठे आणि किती दिवस, रद्द झालं तर किती दिवसांत किती परत. उत्तरं तोंडी घ्यायची नाहीत.

भाच्याने शेवटी क्रूझ स्वतःच बुक केली. अब्बांच्या समाधानासाठी पैसे परत मिळण्याचे नियम छापून कपाटात ठेवले.

खालाने पासष्टी ओलांडली आहे. २०२५ च्या हजपासून ज्येष्ठांसाठीची सत्तरची अट पासष्टवर आली, सोबत एक माणूस असला की कुर्‍याआधी त्यांचा विचार होतो. त्या मुलींनी तिला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग अर्ज भरून झाल्यावर म्हणाली, "पावती छापके दे बेटी. मोबाइल में नको, कागज पे दे." तो कागद तिने कुराणाच्या जुजदानात ठेवला नाही, घरपट्टीच्या आणि लाइटबिलाच्या पावत्यांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवला.