सकाळची आंबील

गेल्या वर्षीं आषाढांत एके दिवशीं, सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेंत उभी असतां, पायांखालची जमीन हळूच सरकल्यासारखी वाटली आणि मी पुढील मैत्रिणीच्या पाठीवर कोसळलें. शुद्धीवर आलें तेव्हां भोंवतीं पुष्कळ चेहरे होते, व त्या सर्वांच्या मुखीं एकच प्रश्न होता : “सकाळीं काय खाल्लेंस ?” मीं खरें तें सांगितलें. एक पेला चहा.

त्यापूर्वींचे पांच-सहा महिने माझी गणना आळशांत होत असे. जिना चढतांना दोनदां थांबावें, तिसऱ्या तासाला डोळे मिटावे, घरीं येतांच दप्तरासह पलंगावर पडावें, असा माझा नित्यक्रम होता. वर्गांत मला ‘झोपाळू’ हें नांव पडलें होतें, त्याचें मला तितकें वाईट वाटत नसे. वाईट हें कीं, मीही स्वतःला तशीच समजूं लागलें होतें. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८.१ निघालें. माझ्या वयाच्या मुलींत तें १२ हून कमी असल्यास रक्तक्षय मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा विकार आढळला आहे. हें कळल्यावर, आमच्या वर्गांत आणखी कितीजणी ‘झोपाळू’ असतील, असा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यावयास सांगितल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद केला, आणि उपाशी पोटीं घराबाहेर पडण्याची मनाई केली.

गोळ्या घेणें सोपें होतें. शेवटची आज्ञा मात्र अवघड होती. शाळा सातला भरते आणि आमची बस सिडकोंत सव्वासहाला येते. पहांटे साडेपांचला उठणाऱ्या माणसाला भूक नसते. आणि थकूनच उठणाऱ्याला तर घांस चावण्याचाही कंटाळा येतो. म्हणून जें कांहीं पोटांत जावयाचें तें पिण्याजोगें असावें, असें घरांत एकमतानें ठरलें. आईनें हल्लींच्या पद्धतीप्रमाणें ‘स्मूदी’चा उपक्रम आरंभिला. केळें, खजूर, दूध, भिजविलेले ओट आणि वर बदामाचे काप, असा तिचा थाट असे. पेय रुचकर होतें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्याचीं सारीं कामें पहांटेचीं ! खजुराच्या बिया काढा, केळें सोला, मिक्सरच्या घरघराटानें धाकट्या भावाला जागें करा, आणि शेवटीं तें चिकट भांडें पात्याखालून घासून काढा. हीं कामें आई करी तोंवर सर्व ठीक चाललें. पुढें तिची कामाची पाळी बदलली आणि तीं माझ्याकडे आलीं. चौथ्या दिवशीं मीं केळें तसेंच हातांत धरून बसच्या थांब्यावर नेलें. आठव्या दिवशीं तेंही राहिलें. जिच्या अंगांत शक्ति नाहीं तिनें ती मिळविण्यासाठीं आधीं शक्तीच खर्च करावी, असा तो व्यवहार होता.

श्रावणांत आजी आमच्याकडे राहावयास आली. तिचें गांव लातूरकडचें. त्या बाजूला मार्गशीर्षांतील अमावास्येला वेळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशीं घरें ओस पडतात, सगळीं माणसें शेतांत जेवतात, आणि मातीच्या बिंदगींतून ज्वारीची आंबील नेतात. आमच्या घरींही महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील असतेच. परंतु प्रसाद म्हणून चमचाभर मुकाट्यानें घ्यावयाची, एवढाच माझा तिच्याशीं संबंध होता. आजीनें माझी खालची पापणी ओढून पाहिली, डॉक्टरांचा कागद माझ्याकडून वाचवून घेतला, आणि म्हणाली, “सकाळचं काम रातच्यालाच कर. तू झोप, पीठ आंबू दे.”

कृति अगदीं साधी आहे. ज्वारीचें पीठ चार चमचे शीग लावून घ्यावें. (आमचे बाबा जाधववाडीच्या बाजारांतून मालदांडी ज्वारी आणतात व ती गिरणींतून दळून घेतात. लहानपणीं जात्यावर दळलेल्या आजीला एकदां आम्हीं पाणचक्की दाखविली, तेव्हां फकिरांसाठीं एके काळीं येथें पाण्याच्या जोरावर पीठ दळलें जाई, हें ऐकून ती इतकेंच म्हणाली, “नशीबवान फकीर !”) तें पीठ पाऊण वाटी ताकांत कालवून रात्रीं झांकून ठेवावें. उन्हाळ्यांत पांच-सहा तासांतच तें आंबतें. हिंवाळ्यांत मात्र रात्र पुरत नाहीं, म्हणून शाळेंतून आल्यावर दुपारींच कालवावें. सकाळीं दीड पेला पाण्यांत जिरें, ठेंचलेला लसूण व मीठ घालून उकळी आणावी आणि कालवलेलें पीठ बारीक धारेनें सोडावें. या वेळीं ढवळणारा हात थांबतां कामा नये, नाहींतर गुठळ्या होतात. एकदां दाटूं लागलें कीं आंच मंद करावी. मग सहा-सात मिनिटांत माझी एक वेणी घालून होते. खालीं उतरवून निवल्यावर वर थोडें ताक घालावें. कढत असतां घातलें तर तें फाटतें. शेंगदाण्याचें कूट दोन चमचे, ही माझी भर. आजीला ती पसंत नाहीं, पण ती चालवून घेते.

कूट घालण्यामागें माझा हिशेब आहे. चार चमचे म्हणजे सुमारें ४० ग्रॅम ज्वारी; तींत प्रथिनें चार ग्रॅम आणि लोह दीड मिलिग्रॅमच्या आसपास असतें. दोन चमचे कुटानें आणखी चार-पांच ग्रॅम प्रथिनें मिळतात. आतां माझ्या वयाच्या मुलीला, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें, दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह हवें. म्हणजे आंबिलीनें त्यांतील विसावा हिस्सा भरतो ! हा आंकडा आजीला सांगितला तेव्हां ती रागावली नाहीं; “मग गोळी चुकवू नको,” म्हणाली. धान्यांतील जीं द्रव्यें लोहाला अडवून धरतात तीं आंबविल्यानें कमी होतात, हेंही येथें नमूद करावयास हवें. परंतु माझें रक्त गोळ्यांनीं वाढलें, आंबिलीनें नव्हे. आंबिलीनें केलें तें इतकेंच कीं, रक्त वाढेपर्यंतच्या त्या तीन महिन्यांत मला सकाळच्या रांगेंत उभें ठेविलें. मला तेंही थोडें वाटत नाहीं.

भाद्रपदांत एके सकाळीं बस गांठण्याच्या घाईंत, लवकर पिऊन व्हावी म्हणून, मीं आंबिलींत आणखी पेलाभर पाणी ओतलें. आजीनें तें पाहिलें आणि भांडें माझ्या हातांतून काढून घेतलें. इतका राग मीं तिच्या चेहऱ्यावर पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. त्या दिवशीं बस चुकली, आणि शाळेपर्यंत रिक्षांत ती माझ्याजवळ बसून राहिली.

१९७२ च्या दुष्काळांत ती तेरा वर्षांची होती. लातूर हा तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतला तालुका होता. आईबरोबर ती खडी फोडावयास जाई. ज्वारी संपल्यावर परदेशांतून आलेली तांबडी मिलो आली, आणि तिचीही आंबीलच होई. खाणारीं तोंडें सात. पीठ तेंच, पाणी मात्र रोज वाढे. शेवटीं शेवटीं भांड्यांत डोकावलें तर आपलें तोंड दिसे, असें ती म्हणाली. अशा एका सकाळीं तीही खडीच्या ढिगावर कोसळली होती. “काय खाल्लंस, असं मला कुणी इचारलं न्हाई,” ती म्हणाली, “समद्यांनी त्येच खाल्लं व्हतं.”

मला कांहीं बोलतां आलें नाहीं. रिक्षा शाळेच्या फाटकाशीं थांबली तेव्हां तिनें पिशवींतून डबा काढला. घरून निघण्यापूर्वीं तिनें ती पाणी घातलेली आंबील पुन्हां चुलीवर चढवून, पीठ वाढवून दाट केली होती. रिक्षावाल्याला थांबवून तिनें ती मला तेथेंच प्यावयास लाविली.

दिवाळीनंतरच्या तपासणींत हिमोग्लोबिन १०.९ निघालें. आजी वेळ अमावास्येच्या आधीं गांवीं परतली. जातांना तिनें मला दाट-पातळ ओळखण्याची खूण शिकविली : पळीच्या पाठीवरून बोट ओढावें, रेघ तशीच राहिली तर आंबील झाली, रेघ मिटली तर आणखी शिजवावी. रविवारीं तिचा फोन येतो. अभ्यास, परीक्षा, तब्येत हे विषय बाबांकडे, माझ्यासाठीं तिचा एकच प्रश्न असतो : “रेघ ऱ्हाती का?” राहते म्हटल्यावर तिचा विश्वास बसत नाहीं. मग मला स्वयंपाकघरांत जाऊन, फोन उलटा धरून, तिला पळी दाखवावी लागते.