काठी मिळेल का?

जुना तंबू कापडापायी क्वचितच टाकावा लागतो. कापडाला ठिगळ लावता येतं, उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, झिपचा रनर बदलून देणारा कारागीर बाजारात सापडतो. काठी मोडली की मात्र माणसं हरतात. सगळा तंबू माळ्यावर जातो आणि नवा विकत आणला जातो. ट्रेकिंग करणाऱ्यांच्या घरी असे धडधाकट तंबू पाहिले की मला हळहळ वाटते. त्यांना हवी असते फक्त एक काठी.

कॅनव्हासच्या जुन्या तंबूला सरळ खांब असत. खांब मोडला तर जंगलातला बांबूही चाले. 1975 साली नॉर्थ फेस कंपनीनं बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटरचनेपासून स्फूर्ती घेऊन ‘ओव्हल इन्टेन्शन’ हा तंबू आणला, आणि पुढे वाकलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या काठ्यांवरचे घुमटाकार तंबू सर्वत्र रुळले. त्यात काठी सतत सरळ व्हायला बघते आणि कापड तिला सरळ होऊ देत नाही. धनुष्य आणि त्याची दोरी यांचं असतं तसं हे नातं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याकडून उसळणाऱ्या वाऱ्यापुढे तंबू झुकतो आणि पुन्हा उभा राहतो, तो या ताणाच्या जोरावर.

म्हणूनच बदली काठी शोधताना नुसतं ‘साधारण एवढी’ म्हणून भागत नाही. माझ्या तंबूची फायबरची काठी धातूच्या जोडनळीपाशी उभी चिरली होती. हात लावला की बोटांत कुसळं जात. फायबर बहुतेक असंच जातं, उभ्या रेषेत. बाजारात 7.9, 8.5, 9.5 आणि 11 मिलिमीटर जाडीच्या फायबरच्या काठ्या मिळतात. आकडे जवळजवळचे दिसतात, पण काठीचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. 8.5च्या जागी 9.5ची काठी घातली, तर ती सुमारे दीडपट ताठ होते. मग ती कापडाच्या बोगद्यात अडकते, नाहीतर कोपऱ्यांच्या शिवणी ओढून काढते. बारीक काठी घातली तर वाऱ्यात तंबू अंगावर बसतो. त्यामुळे व्हर्नियरनं जाडी मोजायची, शाबूत तुकड्यांची लांबी एकेक करून घ्यायची आणि टोकाचे तुकडे वेगळ्या मापाचे आहेत का, तेही बघायचं.

अ‍ॅल्युमिनियमच्या काठीचं एका अर्थी सोपं असतं. दक्षिण कोरियातली डीएसी कंपनी अनेक नामवंत तंबू कंपन्यांना काठ्या पुरवते. तंबूवरचं नाव वेगळं असलं तरी आतली काठी ओळखीची निघू शकते, आणि मग एक तुकडा मिळवून काम भागतं. आतली इलास्टिक दोरी सैल पडली असेल तर ती त्याच वेळी बदलावी. नवी दोरी काठीच्या लांबीपेक्षा थोडी आखूड ठेवली की तुकडे एकमेकांना धरून राहतात. काठी घडी करताना मधून सुरुवात करावी, म्हणजे दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. डोंगरावरच काठी मोडली तर मोडीवर बसेल अशी धातूची नळी सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निभते. ती नळी माझ्या पिशवीत कायम असते.

काठी आली की कापडाकडे लक्ष जातं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओलसर गुंडाळून ठेवलेल्या तंबूचा पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास मारतो. तो खरवडून नवा लेप द्यावा लागतो. त्याआधी कापड ओळखायला हवं, कारण सिलिकॉनच्या लेपावर सिलिकॉनच चिकटतं. चुकीचं रसायन लावलं तर पहिल्या पावसातच त्याच्या पापड्या सुटतात.

या सगळ्यात वेळ जातो, हे खरं आहे. पण विकत घेतलेला तंबू दुरुस्तीनंतर जितका आपला होतो, तितका तो पावती फाडली तेव्हा नव्हता. त्याचा ताण कुठे आहे, तो कुठे कच्चा आहे, वारा सुटल्यावर कोणती दोरी आधी आवळायची, हे हातांना कळलेलं असतं. आणि डोंगरावर, अंधारात, सोबत दुसरं कुणी नसताना हेच ज्ञान उपयोगी पडतं.

दुरुस्तीची ही संधी मात्र बनवणाऱ्यांनी ठेवली तरच उरते. काठीची जाडी आणि लांबी तंबूच्या पिशवीवर छापायला कितीसा खर्च येतो? सुटे तुकडे विकायला ठेवणं अशक्य नाही. काही कंपन्या ते करतातही. बाकीच्यांनी करावं असं वाटत असेल तर गिऱ्हाइकांनी मागायला हवं. तंबू घ्यायला जाल तेव्हा वजन, रंग आणि सवलत यांच्या आधी एक प्रश्न विचारा: याची काठी सुटी मिळते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरं दुकान गाठा.